गेटच्या बाहेरचं काम: रहिवासी संघ कशासाठी आणि कसा चालवायचा

विचारणा अशी आहे. एका रस्त्यावर नऊ सोसायट्या, एक जुनी चाळ आणि चार-पाच बंगले आहेत. प्रत्येक सोसायटीची कमिटी आहे, प्रभागाला नगरसेवक आहेत, तक्रारीसाठी महापालिकेचं अ‍ॅप आहे. मग वेगळा रहिवासी संघ कशाला हवा? काढलाच तर नोंदणी करावी का? आणि असे संघ दोन वर्षांत थंड का पडतात?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर पटलं नाही तर पुढचं सगळं व्यर्थ आहे, म्हणून आधी तेच घेऊ.

सोसायटीच्या कमिटीचा अधिकार कंपाउंडच्या भिंतीपाशी संपतो. सहकार कायदा आणि उपविधी हे इमारत, देखभाल खर्च, सभासद आणि आवारातलं पार्किंग एवढ्यापुरते आहेत. गेटबाहेर पाऊल टाकलं की रस्ता पथ विभागाचा, त्याखालची ड्रेनेज लाइन मलनिस्सारणची, पाण्याची लाइन पाणीपुरवठ्याची, दिव्याचा खांब विद्युत विभागाचा, त्याला खेटून उभा असलेला फीडर पिलर (वीजजोडण्यांची पेटी) महावितरणचा, झाड उद्यान विभागाचं आणि नो पार्किंगचा फलक वाहतूक पोलिसांच्या अखत्यारीतला. हे सगळं दीडशे-दोनशे मीटरच्या पट्ट्यात एकत्र असतं. पण त्या पट्ट्याकडे अखंड एक जागा म्हणून बघणारं सरकारी खात्यांत कोणीही नाही. पाण्याची लाइन दुरुस्त करणारा ठेकेदार फुटपाथ फोडतो तेव्हा त्याच्या दृष्टीने त्याचं काम पूर्ण झालेलं असतं, आणि पथ विभागाच्या वहीत तो फुटपाथ अजून धडधाकट असतो.

दुसरी गोष्ट माणसांची. क्षेत्रीय कार्यालयातले कनिष्ठ अभियंता आणि आरोग्य निरीक्षक दोन-तीन वर्षांत बदलतात, ठेकेदार निविदेगणिक बदलतो, नगरसेवक पाच वर्षांनी बदलू शकतो. शिवाय पुण्यात चार सदस्यांचा एक प्रभाग पाऊण लाखाहून जास्त लोकसंख्येचा असतो. त्यात तुमच्या गल्लीचा वाटा किती, हा हिशेब तुम्हीच करा. मार्च २०२२ मध्ये मुंबई आणि पुणे महापालिकांची मुदत संपली, त्यानंतर जवळपास चार वर्षं प्रशासकांनी कारभार पाहिला. त्या काळात निवडून दिलेला नगरसेवकच नव्हता. ज्या भागात चालता-बोलता संघ होता तिथल्या लोकांना निदान कोणाच्या टेबलावर काय पडून आहे हे माहीत होतं.

म्हणून माझं मत असं, की रहिवासी संघाची किंमत तो किती मोठा मोर्चा काढतो यावर ठरत नाही. त्या रस्त्याचा इतिहास कागदावर ठेवणारा तो एकमेव धनी असतो. हे ड्रेनेज याआधी कधी तुंबलं, तेव्हा चेंबर कुठे उघडला, कोणत्या व्यासाचा पाइप टाकला, कोणी आश्वासन दिलं, त्याचा आवक क्रमांक काय, हे नव्या अभियंत्याला पाच मिनिटांत दाखवता आलं तर काम पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. चांगल्या अभियंत्याला याची मदत होते आणि टाळाटाळ करणाऱ्याला पळवाट राहत नाही.

आपल्याकडे हे नवं नाही. मुंबईत १९९२-९३च्या दंगलींनंतर मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या. पोलीस आणि दोन्ही समाजांतली माणसं यांनी अफवा पसरण्याआधी एकमेकांना फोन करायचा, एवढ्या साध्या पायावर ते काम उभं होतं. त्यानंतर काही वर्षांतच घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी कचरा घरातच वेगळा करायला सुरुवात केली. त्यातून १९९७च्या सुमारास मुंबई महापालिकेची एएलएम (अ‍ॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट) योजना आकाराला आली. एका गल्लीने किंवा वसाहतीने समिती करून वॉर्ड ऑफिसात नोंद करायची आणि महापालिकेने संपर्कासाठी एक अधिकारी नेमायचा, अशी ती रचना. शेकडो एएलएम झाल्या आणि पुढे त्यांतल्या बऱ्याच नावापुरत्या उरल्या. एक मोठं कारण असं, की लोक घरात ओला-सुका वेगळा करत होते आणि गाडी तो पुन्हा एकत्र भरत होती. हे डोळ्यांनी दिसल्यावर कोणाचाही हुरूप टिकत नाही. यातून घ्यायचा धडा नेमका आहे: ज्या कामाचा दुसरा अर्धा भाग महापालिकेकडे आहे, ते काम तो अर्धा भाग लेखी ठरल्याशिवाय लोकांच्या गळ्यात घालू नये.

कायद्यात जागा आहे, पण ती आपोआप मिळत नाही. ७४वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या तिच्यामुळे आल्या. महाराष्ट्रात प्रभाग समितीवर स्वयंसेवी आणि वस्तीपातळीवरच्या संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी घेण्याची तरतूद आहे. ती बिगरराजकीय माणसांसाठी होती, पण प्रत्यक्षात तिथे पक्षांचे कार्यकर्ते बसतात ही जुनी तक्रार आहे. नोंदणीकृत, हिशेब चोख असलेला संघ या जागेवर हक्क सांगू शकतो. २००९ साली क्षेत्र सभेचीही, म्हणजे प्रभागातल्या छोट्या भागाच्या मतदारांच्या सभेची, तरतूद झाली, पण बहुतेक शहरांत ती भरतच नाही. पुण्यात क्षेत्रीय कार्यालयात भरणारी मोहल्ला कमिटीची (मुंबईतल्या दंगलींनंतरच्या समित्यांपेक्षा ही वेगळी) मासिक बैठक त्या मानाने उपयोगाची आहे, कारण तिथे सगळ्या खात्यांची माणसं एका खोलीत येतात.

आता सुरुवात कशी करायची ते पाहू. पहिली सभा घेण्याआधी हद्द ठरवा. पंधरा मिनिटांत पायी फिरून होईल एवढा भाग पुरे, म्हणजे साधारण तीनशे ते पाचशे कुटुंबं. त्याहून मोठा संघ केला की लांबच्या टोकाची माणसं पहिल्याच वर्षी गळतात. विचारणेतला नऊ सोसायट्या, चाळ आणि बंगले हा आकार अगदी योग्य आहे.

मग दोन रविवार सकाळी चार-पाच जणांनी फिरून यादी करा. कागदावर रस्त्याचा साधा नकाशा काढा आणि प्रत्येक दिव्याचा खांब त्याच्यावर रंगवलेल्या क्रमांकासह लिहा. प्रत्येक ड्रेनेज चेंबर, पावसाळी गटाराची प्रत्येक जाळी, प्रत्येक झाड, पाण्याचा व्हॉल्व्ह, फीडर पिलर, कचरा साठणाऱ्या जागा हे सगळं त्यावर आणा. जाळीपुढे ‘उघडी’, ‘तुटकी’ की ‘डांबरात गाडली गेलेली’ हे लिहा. रस्त्यावर थरावर थर चढत गेले की जाळ्या गाडल्या जातात आणि पाणी सोसायट्यांत शिरतं. दरवर्षी ‘पावसाळ्यात पाणी तुंबतं’ अशी तक्रार करणाऱ्या कित्येक भागांत खरं कारण हेच असतं. ‘आमच्या भागात पाणी तुंबतं’ असं पत्र आणि ‘खांब क्रमांक अमुक ते तमुक या ६० मीटरमध्ये पाच जाळ्यांपैकी तीन डांबराखाली आहेत’ असं पत्र, यातल्या दुसऱ्या पत्रावर माणूस पाठवता येतो.

यादी झाली की तिचे तीन भाग करा. आपण स्वतः करायच्या गोष्टी, महापालिकेच्या गोष्टी आणि इतरांच्या, म्हणजे महावितरण, गॅस कंपनी, केबलवाले, वाहतूक पोलीस यांच्या. पहिलं काम असं निवडा जे महिन्याभरात पूर्ण होईल: बंद पडलेले चार दिवे, एक फुटकं झाकण, एक जाळी. पार्किंग, अतिक्रमण आणि भटकी कुत्री हे तीन विषय पहिल्या सहा महिन्यांत सभेपुढे आणू नका. ते महत्त्वाचे नाहीत असं नव्हे. पण त्यांवर शेजाऱ्यांतच दोन तट पडतात, आणि ते मतभेद पेलण्याइतका विश्वास नव्या संघात अजून जमलेला नसतो.

पत्राची शिस्त हा अर्धा कारभार आहे. एका पत्रात एकच विषय आणि एकच खातं. ठिकाण खांब क्रमांकासह, तारीख असलेले दोन फोटो, नेमकी मागणी आणि खाली दोन जणांची नावं व फोन. प्रत स्वतः नेऊन द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि क्रमांक घ्या. अ‍ॅपवरची तक्रारही करा आणि तिचा क्रमांक त्याच पत्रावर लिहा. अ‍ॅपवर काम न होताच ‘निकाली’ असा शेरा पडण्याचं प्रमाण मोठं आहे, अशा वेळी कागद हाताशी असला की बोलता येतं. पंधराव्या दिवशी कनिष्ठ अभियंत्याला फोन करा, तिसाव्या दिवशी उपअभियंत्याला स्मरणपत्र द्या, मग कार्यकारी अभियंता, सहायक आयुक्त आणि शेवटी परिमंडळाचे उपायुक्त. पायरी गाळून थेट आयुक्तांकडे गेलेलं पत्र फिरून त्याच टेबलावर येतं आणि त्या टेबलावरचा माणूस दुखावलेला असतो.

दोन बारकावे इथेच सांगतो, कारण इथे बरेच संघ अडकतात. माहितीचा अधिकार कायद्याने नागरिकाला दिला आहे, म्हणून अर्ज संघाच्या लेटरहेडवर न करता एका व्यक्तीच्या नावाने करा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘का केलं नाही’ असं विचारू नका. कार्यादेशाची (वर्क ऑर्डरची) प्रत, झालेल्या कामाची मापं नोंदवलेल्या मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं, परवानगीपत्र अशी कागदपत्रं मागा. लोकशाही दिनाचंही, म्हणजे वरिष्ठ अधिकारी नागरिकांच्या तक्रारी समोर ऐकतात त्या दिवसाचंही, तसंच आहे. महापालिकेत तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो आणि तक्रार वैयक्तिक स्वरूपाची लागते. संस्थेच्या लेटरहेडवरचा अर्ज तिथे परत येतो.

संघाचा खरा उपयोग कुठे दिसतो हे एका उदाहरणात खोलात पाहायचं तर रस्ताखोदाई घ्या. केबल किंवा गॅस लाइनसाठी चर खणला जातो तेव्हा पहिल्याच सकाळी परवानगीची प्रत मागा. तिच्यात कंपनीचं नाव, किती मीटर लांबी, किती खोली, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आणि रस्ता पूर्ववत कोण करणार, हे लिहिलेलं असतं. प्रत जागेवर नसेल तर पथ विभागाला लगेच कळवा. मग भरणी बघा. पाइप किंवा केबलच्या खाली-वर वाळूचा थर हवा. त्यावर माती १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांनी, प्रत्येक थराला पाणी मारून आणि प्लेट कॉम्पॅक्टरने दाबून भरायची. वर खडी, मग काँक्रीट किंवा डांबर. चराच्या कडा कटरने सरळ कापलेल्या हव्यात, नाहीतर नवं डांबर जुन्याशी सांधत नाही.

प्रत्यक्षात काय होतं? निघालेला चिखल-दगड एका दमात आत लोटतात, वरून जेसीबीची बकेट आपटतात आणि चार इंच काँक्रीट ओतून माणसं निघून जातात. आतल्या पोकळ्यांत पहिल्या पावसाचं पाणी शिरतं, माती बसते आणि जूनच्या अखेरीस तिथे दुचाकी घसरते. उरलेला राडारोडा जवळच्या पावसाळी चेंबरमध्ये गेलेला असतो, त्यामुळे पाणीही तुंबतं. याला उपाय म्हणजे चार टप्प्यांचे फोटो: खोदल्यावर, वाळू टाकल्यावर, भरणी चालू असताना आणि पूर्ण झाल्यावर. शेजारी फूटपट्टी किंवा टेप धरून काढा, म्हणजे थराची जाडी दिसते. हे फोटो त्याच दिवशी अभियंत्याला पाठवा. भरणी झाकली गेली की कोणालाच काही सिद्ध करता येत नाही. महापालिकेने स्वतः केलेला रस्ता असेल तर दोषदायित्व कालावधी किती हे कार्यादेशात बघून वहीत लिहून ठेवा. तो संपायच्या तीन महिने आधी रस्त्यावर फिरून खड्ड्यांची यादी द्या. त्या मुदतीतली दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने होते, मुदत उलटली की तुमच्या-आमच्या कराच्या पैशांतून.

हे काम एकट्या-दुकट्याला जमत नाही. कामावर जाणारा माणूस सकाळी अकराला चरापाशी उभा राहू शकत नाही. तीनशे कुटुंबांत मात्र त्या वेळी घरी असलेले, बांधकामातलं कळणारे निवृत्त गृहस्थ किंवा ताई हमखास सापडतात. संघाने हीच माणसं हेरून ठेवायची असतात.

कचऱ्याचं गणित थोडक्यात. चार माणसांच्या घरातून रोज पाऊण ते एक किलो ओला कचरा निघतो. २०१६च्या घनकचरा नियमांनी दिवसाला सरासरी १०० किलोच्या वर कचरा करणाऱ्यांना मोठे निर्माते मानलं आणि रहिवासी संघांवरही वर्गीकरणाची जबाबदारी टाकली. सव्वाशे फ्लॅटची सोसायटी एकटीच त्या आकड्यापाशी पोचते. पुण्यात घरोघरचा कचरा २००८ पासून ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई-दादा उचलतात. त्यांच्याशी संघाने तीन गोष्टी ठरवायच्या: येण्याची वेळ, सुट्टीच्या दिवशी बदली कोण येणार, आणि सॅनिटरी पॅड-डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढून वेगळे देणं. तिसरी गोष्ट प्रत्येक घरापर्यंत पोचवणं हे संघाचं कर्तव्य आहे, कारण ती पाळली नाही तर दुसऱ्याची घाण माणसाला हाताने निवडावी लागते.

रस्त्यावरच्या पाचोळ्याचा प्रश्न मात्र संघानेच सोडवण्याजोगा आहे. फेब्रुवारी ते एप्रिल झाडं पानं ढाळतात आणि कोपऱ्याकोपऱ्यावर ढीग पेटतात. कोंबडीजाळीचा एक मीटर व्यासाचा, सव्वा मीटर उंचीचा गोल पिंजरा करा. खाली काटक्यांचा वीतभर थर द्या, म्हणजे हवा खेळती राहते. मग पाचोळ्याचा फूटभर थर, त्यावर शेणपाणी किंवा तयार खताचे दोन घमेले, पुन्हा पाचोळा. आठवड्यातून दोनदा पाणी. मूठभर पानं पिळल्यावर हात ओला व्हावा, पण पाणी गळू नये. चार ते सहा महिन्यांत ढीग पाव हिश्शावर येतो आणि खत होतं. बिघडतं ते दोन कारणांनी: उन्हाळ्यात पाणी मारायचं राहून जातं, नाहीतर कोणीतरी शिळं अन्न टाकतं आणि उंदीर येतात. पिंजरा फुटपाथवर ठेवू नका, सोसायटीच्या आवारात किंवा उद्यान विभागाच्या लेखी परवानगीने बागेत ठेवा.

वर्षाचं वेळापत्रक महापालिकेच्या वेळापत्रकाशी जुळवा. झाडांच्या फांद्या छाटायच्या असतील तर अर्ज मार्चच्या आधी गेला पाहिजे. वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय छाटणीही करू नका, १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली तो गुन्हा ठरू शकतो. जाळ्या आणि नाल्यांची यादी एप्रिलमध्ये द्या. अंदाजपत्रकात काम हवं असेल तर ऑगस्टमध्ये तयारी लागते. पुणे महापालिकेने २००६-०७ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं मागवायला सुरुवात केली, आणि एका कामाला साधारण पाच लाखांपर्यंतची मर्यादा राहिली आहे. तिथे ‘फुटपाथ करावा’ असं लिहिलेला अर्ज बाद होतो. ‘खांब क्रमांक अमुकपासून तमुकपर्यंत ८० मीटर लांब, १.८ मीटर रुंद फुटपाथ, एकूण १४४ चौरस मीटर, जागा महापालिकेच्या ताब्यात’ असं लिहिलेला टिकतो. १.८ मीटर ही फुटपाथच्या मोकळ्या रुंदीची भारतीय रस्ते परिषदेने घालून दिलेली किमान मर्यादा आहे, त्यामुळे त्या आकड्यावर वाद होत नाही. खाजगी लेआउटमधला, महापालिकेकडे हस्तांतर न झालेला रस्ता असेल तर आधी हस्तांतराचा पाठपुरावा करा, तोवर पैसे पडणार नाहीत.

नोंदणीबद्दल. पहिलं वर्ष नोंदणीशिवाय चालवलं तरी हरकत नाही. पत्रं देता येतात, सभा घेता येतात. पण पैसे जमायला लागले की थांबू नका. दोन पदाधिकाऱ्यांच्या वैयक्तिक खात्यात संघाची वर्गणी ठेवणं ही भांडणाची सर्वांत खात्रीची सोय आहे. १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात. महाराष्ट्रात त्याबरोबरच १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही धर्मादाय कार्यालयात नोंद होते. घटना, नियमावली, सभासदांची यादी, संमतीपत्रं आणि कार्यालयाच्या जागामालकाचं ना हरकत पत्र लागतं. नोंदणी झाल्यावरचं काम लोक विसरतात: कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज आणि दरवर्षी हिशेबाचं लेखापरीक्षण. बदल अर्ज राहून गेला की धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीत जुनेच पदाधिकारी राहतात, बँक सह्या बदलून देत नाही आणि चांगला चाललेला संघ कागदावर गोठतो.

वर्गणी घरटी महिना वीस-तीस रुपये पुरते. खात्यावर तिघांपैकी दोघांच्या सह्या, प्रत्येक पैशाला पावती आणि तिमाही जमाखर्च प्रत्येक इमारतीच्या फलकावर. वर्गणी ऐच्छिकच ठेवा, ती सक्तीने वसूल करण्याचा अधिकार संघाला नाही. रस्ता, फुटपाथ, दिवे यांवर संघाचे पैसे घालू नका. महापालिकेच्या मालमत्तेवर परवानगीविना केलेलं काम उद्या उखडलं जाऊ शकतं, आणि जिथे लोक स्वतः खर्च करतात तिथली तरतूद दुसरीकडे वळवली जाते.

संघाच्या अधिकाराची मर्यादाही तितकीच ठळक सांगायला हवी. सार्वजनिक रस्त्यावर गेट लावून नाव विचारण्याचा अधिकार तुम्हाला नाही. गतिरोधक स्वतः बांधता येत नाही. शास्त्रशुद्ध गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, गोलसर असतो. सिमेंटचा अरुंद उंचवटा घातला तर दुचाकीवर मागे बसलेली व्यक्ती उडते, आणि अपघाताची जबाबदारी बांधणाऱ्यावर येते. फेरीवाल्यांना ‘हटवा’ असं पत्र देण्याआधी २०१४चा पथविक्रेता कायदा वाचा. त्या कायद्याखालच्या नगर पथविक्रेता समितीत रहिवासी संघांनाही प्रतिनिधित्व आहे. जागा, वेळ आणि कचऱ्याचा डबा ठरवून घेणं हे तिथलं काम आहे. भाजीवाली उठली तर सगळ्यात आधी हाल होतात ते इमारतीतल्या म्हाताऱ्या माणसांचे. कुत्र्यांबाबत २०२३च्या नियमांनी खाऊ घालण्याची जागा ठरवण्याची जबाबदारी रहिवासी संघांवर टाकली आहे. मुलांच्या खेळाची जागा, जिना आणि प्रवेशद्वार टाळून ती ठरवा आणि नसबंदीचा पाठपुरावा महापालिकेकडे करा. भाडेकरूंची जात-धर्म विचारणं, एकट्या मुलींना जागा देऊ नका म्हणून दबाव आणणं, घरकामाच्या बायकांना बागेत बसायला बंदी घालणं, हे करणारा संघ बेकायदा आणि अन्यायी वागतो. शेजारपणाच्या नावाखाली हे चालू द्यायचं नाही, एवढं पहिल्या सभेतच ठरवून इतिवृत्तात लिहा.

संघ थंड का पडतात? कारणं ठरलेली आहेत. एकच उत्साही माणूस अध्यक्ष, सचिव आणि पोस्टमन असतो, तो दमतो किंवा घर बदलतो आणि फाइल त्याच्या माळ्यावर जाते. सगळा कारभार व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सरकतो. तिथे राग व्यक्त होतो पण ठराव होत नाही, आणि महिन्यापूर्वी काय ठरलं ते कोणाला सापडत नाही. निवडणुकीत पदाधिकारी एखाद्या पक्षाच्या व्यासपीठावर दिसतो आणि अर्धा रस्ता संघ सोडतो. उपाय आधीच नियमावलीत घाला. कार्यकारिणी ११ ते १५ जणांची, प्रत्येक इमारतीतून निदान एक. पदाची मुदत दोन वर्षं आणि सलग दोनच वेळा. पक्षाचं पद किंवा उमेदवारी घेतली की संघाचं पद सोडायचं. सभा महिन्याच्या ठरलेल्या दिवशी, एक तास, एका पानाची विषयपत्रिका. इतिवृत्तात ‘कोण, काय, कधीपर्यंत’ एवढंच. आवक-जावक रजिस्टर, नकाशा, पत्रांची फाइल आणि फोटो यांची यादी करून जुन्या सचिवाने नव्या सचिवाला सहीनिशी सोपवायचं. ग्रुप ठेवा, पण फक्त सूचनांसाठी. तक्रार फॉर्मवर किंवा वहीत.

शेवटी चाळीबद्दल, कारण विचारणेत तिचा उल्लेख ओझरता आला आहे. नऊ सोसायट्यांचे नऊ प्रतिनिधी आणि अख्ख्या चाळीचा एक, असं केलंत तर चाळीतली माणसं दुसऱ्या सभेपासून येणार नाहीत. घरांच्या संख्येप्रमाणे जागा द्या आणि त्यांतली एक बाईमाणसाची ठेवा, कारण पाण्याच्या वेळा आणि दाब यांची खरी माहिती तिच्याकडेच असते. मतदानाचा हक्क राहणाऱ्याला द्या, फक्त मालकाला नाही. पागडीचे आणि लीव्ह-लायसन्सचे भाडेकरू त्यात आले पाहिजेत. वर्गणी चाळीसाठी निम्मी किंवा माफ ठेवली तरी मत पूर्णच. सभा क्लबहाउसमध्ये न घेता शाळेच्या वर्गात किंवा चाळीच्या अंगणात, रविवारी सकाळी दहाला घ्या. शनिवारी अर्धा दिवस कामावर जाणाऱ्यांना आणि घरकाम करणाऱ्या बायकांना संध्याकाळची सभा जमत नाही. आणि पहिल्या यादीतलं निदान एक काम चाळीसमोरचं असू द्या. बहुतेक रस्त्यांवर सगळ्यात खालची, पाणी साठणारी जागा तिथेच असते, त्यामुळे तिथली जाळी मोकळी झाली तर वरच्या सोसायट्यांचं पाणीही तिकडून निघून जातं.